हातातलं जीपीएस आणि मिनिटाचे तीन दशांश

हातात मावणारं आणि दुकानात विकत मिळणारं जीपीएस 1989पासून आहे. तेव्हा त्याची किंमत सुमारे 3000 डॉलर होती आणि नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेल्या चुकीमुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. जिओकॅशिंग म्हणजे अक्षांश-रेखांशावरून दडवलेला डबा हुडकायचा खेळ. एवढ्या मैदानात तो डबा कोण शोधणार? मे 2000च्या सुरुवातीला ही मुद्दामची चूक बंद झाली. लगेच 3 मे रोजी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये एकाने रानात काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांत दोघांना ती सापडली. वर्ष संपायच्या आत या खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळालं होतं. (कॅश म्हणजे दडवलेला साठा, रोकड नव्हे. मराठीत हा घोळ दर वेळी निस्तरावा लागतो.)

त्या बादलीचा पत्ता होता उत्तर 45 अंश 17.460 मिनिटं, पश्चिम 122 अंश 24.800 मिनिटं. अंश आणि दशांश मिनिटं ही लिहिण्याची तऱ्हा खेळात तेव्हापासून रुळली. आपल्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर, मात्र अंश-मिनिट-सेकंद असतात, त्यामुळे सवयीने .460चे 46 सेकंद वाचले जातात. प्रत्यक्षात ते 27.6 सेकंद. अक्षांशात एवढी चूक म्हणजे साडेपाचशे मीटरहून जास्त. रेखांशातले .800 तरी 80 सेकंद होऊन चूक उघडी पाडतात, अक्षांश मुकाट्याने फसवतो. शेवटच्या दशांशाची किंमत जेमतेम 1.85 मीटर, म्हणून तीनच दशांश पुरतात.

दुसरा गुंता डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा कोणता आकार आणि आरंभबिंदू धरला त्याचा. आपल्याकडे तो जास्त, आणि माझ्या मते यंत्र कोणतं घ्यावं या वादापेक्षा महत्त्वाचा. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली, जीपीएस डब्ल्यूजीएस84 या जागतिक डेटमवर. सह्याद्रीच्या पट्ट्यात दोन्हींतला फरक शंभर मीटरांच्या वर जातो. ट्रेकर मंडळी नकाशाशी जुळवून घ्यायला यंत्रात भारतीय डेटम लावत आणि तो तसाच राहून जाई. मग त्याच यंत्रात हाताने भरलेला डब्याचा पत्ता सरळ दरीपलीकडे दिसे. गंमत अशी की यंत्र आत सगळं डब्ल्यूजीएस84 मध्येच साठवतं, डेटमची सेटिंग फक्त दाखवताना आणि हाताने भरताना लागू होते. संगणकावरून केबलने चढवलेल्या बिंदूंना (साठवलेल्या जागांना) तिचा धक्का लागत नाही. सॉफ्टवेअर हवं ते यासाठी, केवळ टाइपिंगचे कष्ट वाचवायला नव्हे. 2005च्या नकाशा धोरणानंतर लोकांसाठीची नवी शीटं डब्ल्यूजीएस84 वर निघू लागली, पण घराघरांतल्या झेरॉक्स जुन्याच आहेत.

2000चं गार्मिन कंपनीचं पिवळं ईट्रेक्स हे यंत्र या खेळात घरोघरी पोचलं. दोन पेन्सिल सेल, 500 बिंदू. चुंबकीय कंपास नाही, म्हणून उभं राहिलं की बाण भरकटायचा. बिंदूच्या नावाला सहाच अक्षरं. डब्यांचे सांकेतिक क्रमांक जीसीने सुरू होऊन सहा अक्षरांत बसत होते तोवर ठीक चाललं. ते सात अक्षरांवर गेल्यावर जीसॅकसारखी सॉफ्टवेअर पुढचं 'जीसी' छाटून बिंदू चढवू लागली. डब्यांची माहिती उतरवून घ्यायच्या फाइलींचंही तसंच: .loc फाइलीत जवळपास नाव आणि पत्ताच, जीपीएक्स (.gpx) फाइलीत वर्णन, इशारा, आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी. पण जुनी यंत्रं त्यातलं बहुतेक गाळून टाकत आणि लोक कागदांचे गठ्ठे घेऊन हिंडत. 2008च्या सुमारास पूर्ण जीपीएक्स वाचणारी यंत्रं आली आणि कागद सुटला. त्याआधी 2006मध्ये आलेल्या नव्या, जास्त संवेदनशील चिपमुळे गर्द झाडीखाली सिग्नल टिकू लागला होता. माझ्या लेखी खरी उडी ती, रंगीत पडदा नव्हे. पडद्यावर येणारं 'अचूकता 3 मीटर' हा यंत्राचा स्वतःविषयीचा अंदाज असतो, हमी नव्हे.

अलीकडे हातातल्या काही जीपीएसमध्ये उपग्रहावरून निरोप धाडण्याची सोय असते. अशी निरोप धाडणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर 2024मध्ये गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर असं यंत्र सापडलेल्या एका परदेशी प्रवाशाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. नुसता सिग्नल घेणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी, पण परदेशातल्या नातलगाकडून मागवताना मॉडेल नीट बघून घ्यावं.

आता बहुतेकांचं काम फोनवर भागतं. फोनमधले नकाशे दशांश अंशांत पत्ता देतात, म्हणून गोंधळही नवा. राजगडाचा अक्षांश साधारण 18.246 अंश. तो 18 अंश 24.6 मिनिटं असा भरला, की बाण अठरा किलोमीटर उत्तरेला, सिंहगडाच्याही पलीकडे धावतो.