सीलिअ‍ॅक रोगाची आनुवंशिक प्रवणता

गहू, जव व राय यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा करणारा प्रतिरक्षाजन्य रोग जडण्याची उपजत शक्यता. तिचा मुख्य संबंध सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए (प्रतिरक्षा यंत्रणेला स्वकीय व परकीय ओळखण्यास मदत करणारे रेणू घडविणाऱ्या) जनुकसमूहाशी आहे. सुमारे ९० टक्के रुग्णांत डीक्यू या एचएलए रेणूचा डीक्यू २.५ (डीक्यू २ चा एक उपप्रकार), तर उरलेल्यांपैकी बहुतेकांत डीक्यू ८ किंवा डीक्यू २.२ हा प्रकार आढळतो.

प्रारंभी, १९७२ च्या सुमारास, हा संबंध बी ८ या दुसऱ्या एचएलए प्रकाराशी जोडला गेला. नॉर्वेतील लुडविग सोलिड व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये खरा दुवा डीक्यू २ असल्याचे दाखविले. हा रेणू दोन साखळ्यांचा असून त्या एकाच गुणसूत्रावरून किंवा एक आईकडून व एक वडिलांकडून येऊ शकतात. त्यामुळे आईवडिलांपैकी कोणातही नसलेला रेणू अपत्यात तयार होऊ शकतो. ऊतक ट्रान्सग्लूटामिनेज हे विकर (एंझाइम) ग्लूटेनच्या तुकड्यांवर ऋणभार निर्माण करते, ते तुकडे डीक्यू रेणूच्या खोबणीत घट्ट बसतात व टी-कोशिका (प्रतिरक्षा यंत्रणेतील पांढऱ्या रक्तकोशिका) चेततात. सहाव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींवर डीक्यू २.५ असल्यास धोका वाढतो.

असे घातक जनुक टिकले कसे, हा वादाचा विषय आहे. गव्हाची शेती जितकी जुनी तितके ते विरळ, असे भूगोलज्ञ फ्रेडरिक सिमून्स यांनी १९८१ मध्ये सुचविले होते. पुढील अभ्यासांत या मताला फारसा आधार मिळाला नाही. संसर्गापासून संरक्षणाचा लाभ मिळाल्याने ते टिकले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एचएलएबाहेरील एसएच२बी३ या जनुकाच्या धोकादायक रूपाचा प्रसार सु. १,२०० ते १,७०० वर्षांपूर्वी झाला असावा, असा अंदाज आहे.

जनुक मात्र एकटे पुरेसे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत उत्तर व दक्षिण भारतात ही जनुके जवळपास सारख्याच प्रमाणात (३८ व ३६ टक्के) आढळली. रोगाचे प्रमाण मात्र अनुक्रमे १.२३ व ०.१० टक्के होते. उत्तरेतील गव्हाचा मोठा आहार हे त्याचे एक कारण मानतात. पण ईशान्येत गहू कमी खाल्ला जात असूनही ०.८७ टक्के प्रौढांत रोग आढळला, हे लक्षणीय आहे.

जनुकतपासणी नकारार्थी आल्यास रोगाची शक्यता जवळजवळ उरत नाही. होकारार्थी आल्यास मात्र निदान होत नाही. रुग्णाच्या आईवडील, भावंडे व मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तपासावीत आणि तीही गहू बंद करण्यापूर्वीच. कारण ग्लूटेन थांबल्यावर प्रतिपिंडे ओसरतात व वाढ खुंटलेल्या मुलाचे निदान हातचे निसटते.