हत्तरसंग कुडल (संगमेश्वर आणि हरिहरेश्वर मंदिरं)

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथलं हे देवस्थान. सोलापुरातून विजापूर रोडनं निघायचं आणि मग आत वळायचं, सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर पडतं. भीमेपलीकडं कर्नाटक. हत्तरसंग हे गावाचं नाव, आणि कुडल म्हणजे कन्नडमध्ये संगमच (कूडु म्हणजे जुळणं, मिळणं), त्यामुळं आपल्याकडं लोक सर्रास "कुडल संगम" म्हणतात तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगून होते. बसवण्णांच्या वचनांतला कूडलसंगमदेव मात्र इथला नाही, ते क्षेत्र कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर, बागलकोट जिल्ह्यात. नेटवर दोन्हींचे फोटो एकमेकांत मिसळलेले असतात तेवढं बघून घ्या.

मंदिरं दोन, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. पण नाव झालं ते संगमेश्वराच्या तुळईवरल्या एका छोट्या मराठी शिलालेखामुळं, जो सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. लेखाचा शेवट असा वाचतात: "वाछि तो विजेया होइवा". म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. विजेया की विजेयां, होइवा की होईवा, असे बारीक पाठभेद छापलेले सापडतात, अर्थ त्यानं बदलत नाही. यात "जो" नाहीच हे बघण्यासारखं आहे, नुसतं "वाचेल तो", आणि आपण आजही "करेल तो भरेल" असंच बोलतो, तिथंही "जो" कुणी लावत नाही. हजार वर्षांपूर्वीची ही वाक्याची ठेवण तशीच्या तशी तोंडात आहे.

लेखाचं साल शके ९४०. याचं सरसकट इ.स. १०१८ करून टाकतात, ते ढोबळमानानं ठीक आहे, पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणजे शके ९४० हे मार्च १०१८ पासून मार्च १०१९ पर्यंत चाललं, आणि दिवस माघ-फाल्गुनातला धरला तर साल १०१९ होतं. संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव) कालयुक्त. हे घरबसल्या पडताळता येतं: शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी राहील तो संवत्सराचा नंबर. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२, बाकी ५२, आणि बावन्नावा संवत्सर कालयुक्तच. आकडा आणि संवत्सर असे जुळले की तारखेवरचा भरवसा वाढतो.

"पहिला मराठी लेख कुठला" हा वाद यातूनच निघतो. श्रवणबेळगोळचं "श्रीचावुण्डराजें करवियलें" आपण शाळेत पाठ केलं, पण त्याच्या जोडीच्या ओळीतला गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला, त्यामुळं तिथली गोमटेश्वराची मूर्ती, जिच्या पायाशी हा लेख आहे, दहाव्या शतकाच्या अखेरची असली तरी अक्षरं तितकीच जुनी मानायला आता बरेच जण कचरतात. अलिबागजवळच्या आक्षी लेखाचं साल शके ९३४ वाचतात, ते खरं धरलं तर तो कुडलच्या आधी सहा वर्षं. पण त्यातला केसीदेवराय नेमका कोण, यावर गाडी अडते, कारण उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशिदेव नावाचा राजा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातही होता आणि काही अभ्यासक लेख तिकडं ओढतात. एकूण पाहता, सालाबाबत सगळ्यात कमी भांडण असलेला लेख कुडलचा, असं म्हणायला हरकत नसावी. (सोलापूरकर म्हणून थोडा पक्षपात होत असेल, तो गृहीत धरा.)

या सालावरून मंदिराचा काळ ठरवताना जरा सांभाळून. तुळई मूळच्या जागी असेल तर संगमेश्वर अकराव्या शतकाच्या सुरुवातीला उभं होतं एवढंच निघतं. तेव्हा राज्य चालुक्य जयसिंह दुसरा, म्हणजे जगदेकमल्ल, याचं. त्यांना कल्याणीचे चालुक्य म्हणतात खरं, पण राजधानी कल्याणीला नेली ती बहुधा त्याच्या मुलानं, पहिल्या सोमेश्वरानं. गावात मंदिराला हेमाडपंती म्हणतात, दगडी आणि जुनं दिसलं की हेमाडपंती हा आपला रिवाजच आहे, पण हेमाद्री यादवांचा प्रधान, तेराव्या शतकातला, लेखानंतर अडीचशे वर्षांनी आलेला.

हरिहरेश्वर बराच काळ मातीच्या ढिगात होतं, १९९९ च्या उत्खननात मोकळं झालं. गाभारे दोन, एक हरीचा आणि एक हराचा, आणि पुढं स्वर्गमंडप, म्हणजे मधोमध छत उघडं सोडलेला मंडप. खिद्रापूरचं कोपेश्वर पाहिलेल्यांना लगेच ओळखू येईल. याच उत्खननात बहुमुखी शिवलिंग मिळालं, साधारण माणसाहून थोडं उंच, अंगभर ओळीनं कोरलेली ३५९ मुखं आणि खुद्द लिंग धरून ३६०. ही वर्षाच्या दिवसांची संख्या असावी असं सांगतात, सावन वर्ष (तीस दिवसांचे बारा महिने) ३६० दिवसांचं असतं हे खरं, पण तो अंदाजच समजावा. जवळ उभं राहिलं की एकेक चेहरा वेगळा दिसायला लागतो, लांबून मात्र खडबडीत दगड वाटतो.

पूजा रोजची साधी, बेल, पाणी, कापूर. गर्दी महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी, संगमावर अंघोळ करून ओलेत्यानं दर्शनाला येणारे असतात, त्यात मराठी जितकं ऐकू येतं तितकंच कन्नड. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणायची आणि नदीकाठी सोडून खायची अशी पद्धत.

भीमेचं पाणी वरच्या उजनी धरणाच्या विसर्गावर चालतं. पावसाळ्यात उजनीतून मोठं पाणी सोडलेलं असताना सीनाही भरून आली तर संगमाकडं उतरू नये. लेख बघायचा असेल तर मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूनं तिरपा धरा, अक्षरं उठून दिसतात, मान मात्र अवघडते.