‘शांत मुलगी’ बोलायला लागली, त्याआधीची गोष्ट

मार्च २०२३ मधला ऑस्कर सोहळा आपल्याकडे लक्षात राहिला तो ‘नाटू नाटू’मुळे. त्याच रात्री आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटातल्या पाच नावांत एक नाव आयर्लंडचं होतं : ‘अन कॅलीन क्यून’, म्हणजे ‘शांत मुलगी’. बाहुली जर्मन युद्धपटाने नेली. तरी आयर्लंडमध्ये त्याचं फारसं दुःख झालं नाही, कारण आयरिश भाषेतला चित्रपट तिथवर पोचला होता तोच मुळी पहिल्यांदा.

चित्रपटाची गोष्ट एका ओळीत सांगता येईल. १९८१ चा उन्हाळा. पोरवड्याचं, ओढगस्तीचं घर, आई पुन्हा गरोदर, बापाचं कशातच लक्ष नाही. नऊ वर्षांच्या कॉइचला आईच्या नात्यातल्या एका जोडप्याकडे, त्यांच्या शेतावर, सुट्टीपुरतं ठेवतात. तिथे तिला कुणी केस विंचरून देतं, कुणी स्वयंपाकघराच्या टेबलावर न बोलता एक बिस्कीट ठेवून जातं. एवढंच. आपल्याकडेही मुलांना मावशीकडे, आजोळी ‘राहायला’ पाठवायची रीत होतीच, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

मूळ कथा क्लेअर कीगन यांची. ‘फॉस्टर’ २०१० मध्ये आधी ‘न्यूयॉर्कर’मध्ये आणि मग छोटेखानी पुस्तक म्हणून आली. ती इंग्रजीत आहे, आणि घडते वेक्सफर्ड परगण्यात. दिग्दर्शक कॉलम बरेड यांनी ती उचलून शेजारच्या वॉटरफर्डमधल्या रिंग या आयरिशभाषक टापूत नेली आणि पटकथा आयरिशमध्ये लिहिली. निर्मात्या क्लिओना नी ख्रूअली या त्यांच्या पत्नी. म्हणजे कुटुंबाची गोष्ट सांगणारा हा चित्रपट बनवणारंही एक कुटुंबच.

नटसंचही मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कॉइच झालेली कॅथरीन क्लिंच ही डब्लिनची, आयरिश माध्यमाच्या शाळेत शिकणारी मुलगी. कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदाच उभी राहिली आणि २०२२ मध्ये आयरिश चित्रपट अकादमीचा प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार घेऊन गेली. शेतावरच्या जोडप्यातल्या बायकोच्या, आयलीनच्या, भूमिकेतल्या कॅरी क्रोली मूळच्या वॉटरफर्डच्या. आयर्लंडमध्ये त्यांना ओळखत होते ते रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदिका म्हणून, आणि १९९७ ची युरोव्हिजन गाण्याची स्पर्धा त्यांनीच सादर केली होती. आयलीनच्या नवऱ्याची, शॉनची, भूमिका अँड्र्यू बेनेट या रंगभूमीवर मुरलेल्या नटाने केली आहे. मायकल पॅट्रिक आणि केट निक खोनॅनी हे मुलीचे आईबाप. मोठ्या पडद्यावर खपणारं नाव यात एकही नाही. भाषेने ते ठरवून टाकलं होतं : आयरिश सहज बोलू शकणारे नट मोजकेच असतात.

मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती बापाच्या तोंडची भाषा. तो बहुतेक इंग्रजीच बोलतो. बायको-मुलींना आयरिश येतं, शेतावरच्या जोडप्याच्या घरात तर तेच बोललं जातं, आणि हा माणूस स्वतःच्याच घरात परक्यासारखा वावरतो. भाषा मरते कशी, यावर एकही संवाद नाही, पण ती कुठे ऊब देते आणि कुठून निघून गेली आहे, ते ऐकू येतं. गेली नव्वद वर्षं आयरिश पडद्यावर आली ती कधी वारसा म्हणून, कधी राष्ट्र म्हणून, कधी वाद म्हणून. घरात बोलायची साधी बोली म्हणून यायला तिला फार वेळ लागला.

सुरुवात १९३५ ची. अ‍ॅरन बेटांवर माहितीपट करणाऱ्या रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्याकडून आयरिश सरकारने एक छोटा चित्रपट करवून घेतला : चुलीशी बसलेला कथेकरी गोष्ट सांगतो आणि घरातली माणसं ऐकतात. तो पुढे हरवला आणि २०१२ मध्ये एकदम हार्वर्ड विद्यापीठात सापडला. १९५९ मध्ये ‘गेल लिन’ या भाषाप्रसारक संस्थेने ‘मिशा एरा’ हा स्वातंत्र्यलढ्यावरचा माहितीपट काढला, जुन्या चित्रफिती जोडून. शॉन ओ रियादा यांचं संगीत घराघरात गेलं. चुलीजवळचा म्हातारा आणि लढ्यातले वीर, आयरिश बोलायची ती यांनीच.

हे मोडलं बॉब क्विन यांनी. १९७८ चा त्यांचा ‘पुचीन’ हा संपूर्ण आयरिशमधला पहिला कथापट. पुचीन म्हणजे गावठी दारू, आणि चित्रपटात ती गाळणारे, विकणारे, एकमेकांना फसवणारे, पश्चिमेकडच्या कॉनमारा या आयरिशभाषक भागातले लोक. १९७९ च्या सेंट पॅट्रिक दिनी सरकारी वाहिनीने तो दाखवला आणि गदारोळ उडाला : राष्ट्रीय सणाच्या दिवशी, राष्ट्रभाषेत, हे असले लोक! एक गंमत जाता जाता. ‘पुचीन’च्या लेखकाचं नावही कॉलम बरेडच. अर्थात माणूस वेगळा. ‘शांत मुलगी’च्या दिग्दर्शकाचा जन्मच १९८१ चा.

१९८१ हे साल इथे आणखी एका कारणाने येतं. त्याच वर्षी आयरिश चित्रपट मंडळाचं काम सुरू झालं. स्वतःचे चित्रपट काढायला सरकारी पैसा मिळू लागला, पण सहाच वर्षांत, १९८७ मध्ये, काटकसरीच्या नावाखाली मंडळ गुंडाळण्यात आलं. मग १९९० मध्ये ‘माय लेफ्ट फूट’ या आयरिश चित्रपटाने अभिनयाची दोन ऑस्कर आणली. काटकसर करणाऱ्यांची तेव्हा थोडी अडचण झाली असावी. १९९३ मध्ये मंडळ पुन्हा उभं राहिलं ते कलामंत्री मायकल डी. हिगिन्स यांच्या हातून. हा कवी माणूस, स्वतः आयरिश बोलणारा, पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला.

याच हिगिन्स यांच्या कारकिर्दीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली. ३१ ऑक्टोबर १९९६ ला आयरिश भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाली, आज तिला टीजी-फोर म्हणतात. मूठभर लोकांसाठी एवढा खर्च कशाला, ही ओरड तेव्हा जोरात होती. घटनेने आयरिशला पहिली राजभाषा केलं आहे खरं, पण २०२२ च्या जनगणनेतही आयरिश येतं म्हणणारे सुमारे १८ लाख ७४ हजार आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. वाहिनीने मात्र एक काम मुकाट्याने केलं. ‘रोस ना रून’ ही दैनंदिन भानगडींची मालिका कॉनमारात वर्षानुवर्षं चालली आणि आयरिशमध्ये लिहिणारे, नट, तंत्रज्ञ यांना पोटापाण्याचं काम मिळालं. मालिकांना नाकं मुरडणाऱ्यांनी याचा विचार करावा. चित्रपटाला लागणारी माणसं अशीच कुठेतरी तयार होत असतात.

शेवटची कडी २०१७ ची. टीजी-फोर, चित्रपट मंडळ (आता स्क्रीन आयर्लंड) आणि प्रसारण प्राधिकरण यांनी मिळून ‘सिने-फोर’ योजना आणली. निवडक आयरिश कथापटांना प्रत्येकी साधारण १२ लाख युरो. हॉलिवूडच्या हिशेबात ही चहापाण्याची रक्कम, पण अट एकच होती : चित्रपट आयरिशमध्ये हवा. विषय भाषा किंवा परंपरा असलाच पाहिजे, असं कुणी म्हटलं नाही. आधी १८४५ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवरचा ‘अराख्त’ आला आणि ऑस्करसाठी आयर्लंडची अधिकृत निवडही ठरला. मागोमाग ‘शांत मुलगी’चं चित्रीकरण झालं, तेही कोविडच्या निर्बंधांत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्लिन महोत्सवात, लहान वयाच्या प्रेक्षकांसाठीच्या ‘जनरेशन केप्लस’ विभागात, तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि आंतरराष्ट्रीय परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. हा विभाग आपल्याला परका नाही. २०१४ मध्ये अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ने इथेच बालपरीक्षकांचं स्फटिक अस्वल पटकावलं होतं. बाप गमावलेला, आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेला चिन्मय आणि शेतावर आणून सोडलेली कॉइच, दोघंही मोठ्यांकडे गप्प राहून बघतात.

मे २०२२ मध्ये चित्रपट आयर्लंड आणि ब्रिटनच्या चित्रगृहांत लागला आणि तिथून दहा लाख युरोंपेक्षा जास्त गल्ला गोळा करणारा पहिला आयरिशभाषक चित्रपट ठरला. लोक इंग्रजी उपशीर्षकं वाचत आपल्याच राष्ट्रभाषेतला चित्रपट बघत होते, याचं कुणाला विशेष वाटल्याचं दिसलं नाही.

दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, आयर्लंडने ऑस्करला पुन्हा आयरिश चित्रपट पाठवला. त्यात बेलफास्टमधलं ‘नीकॅप’ हे रॅप करणारं त्रिकूट स्वतःच्याच भूमिका करतं, अंमली पदार्थ आहेत, पोलीस आहेत, आणि आयरिशमध्ये मनसोक्त शिव्या आहेत. ‘पुचीन’ पाहून खवळलेल्यांपैकी जे अजून हयात असतील, त्यांनी टीव्ही बंद केला असेल.