पाणबुड्यांच्या घड्याळातील हेलियम

सील कोणत्या बाजूचा दाब अडवणार आहे हे पाहिल्याशिवाय ते बसवायचे नसते, हे बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर जुळवणाऱ्या कारागिराला वेगळे सांगावे लागत नाही. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या (डायव्हरांच्या) मनगटी घड्याळांना मात्र हा धडा १९६०च्या दशकात नव्याने शिकावा लागला.

अमेरिकी नौदलातील डॉक्टर जॉर्ज बाँड यांनी १९५७ पासून केलेल्या प्रयोगांमागे एक साधे तत्त्व होते: ठरावीक दाबाखाली शरीर वायूने पूर्ण भरले, की पुढे मुक्काम दोन दिवसांचा असो वा तीन आठवड्यांचा, दाब उतरवायला वेळ तेवढाच लागतो. म्हणून पाणबुड्यांना आठवडेच्या आठवडे दाबाखालीच ठेवण्याची पद्धत आली, आणि खोलीवर नायट्रोजनने गुंगी येत असल्याने त्यांच्या श्वासात हेलियम आला. १९६४ साली बर्म्युडाजवळ सुमारे ५८ मीटरवर आणि १९६५ साली कॅलिफोर्नियाजवळ ६२ मीटर खोलीवर ‘सीलॅब’ ही नौदलाची समुद्रतळावरची निवासस्थाने उतरवली गेली.

घड्याळाची अडचण पाण्यात नव्हे, तर हेलियमने भरलेल्या निवासस्थानातल्या या कोरड्या मुक्कामात सुरू होते. हेलियमचे सूक्ष्म अणू गॅस्केटमधून (सांधे बंद करणाऱ्या सीलमधून) हळूहळू आत शिरतात. पुढे साधारण तीस मीटरला एक दिवस या गतीने दाब उतरवला, तरी आतला वायू तितक्या लवकर बाहेर पडत नाही, आणि बाहेरच्या दाबाने घट्ट बसावी म्हणून बसवलेली काच आतून ढकलली जाऊन उडते. दाब उतरवण्याच्या कक्षातच घड्याळाची चावी सैल केली तर हे टळते, पण ते आठवणीने करावे लागते.

आतून बाहेरच उघडणारी स्प्रिंगची झडप हा त्यावरचा पहिला उपाय. कल्पनेचे श्रेय बहुधा सीलॅबमधील पाणबुडे बॉब बार्थ यांना दिले जाते. रोलेक्सचे ६१० मीटरचे ‘सी-ड्वेलर’ १९६७चे, डोक्साचे झडपेचे घड्याळ १९६९चे. पहिला मान कोणाचा, हा वाद संग्राहक आमच्या सीमाप्रश्नासारखाच जुन्या कागदांवर लढतात.

हेलियमला आत येऊच द्यायचे नाही, हा दुसरा मार्ग मला अधिक पटतो. ओमेगाने १९७० साली ६०० मीटरसाठी एकसंध केस (घड्याळाचे बाहेरचे कवच) केली. सेइकोला १९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातील एका पाणबुड्याचे तक्रारीचे पत्र आले. त्यातून १९७५ साली टायटॅनियमची एकसंध केस आणि इंग्रजी ‘एल’च्या आकाराचे गॅस्केट असलेले घड्याळ निघाले, ज्याला झडपच नाही.

आयएसओ ६४२५ या पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा घड्याळांची वेगळी चाचणी आहे: नमूद दाबाच्या सव्वापट दाबाने ती प्रत्यक्ष वापरातल्या वायूमिश्रणात पंधरा दिवस ठेवायची आणि मग जो दाब उतरवायला माणसाला कित्येक दिवस लागतात, तो तीन मिनिटांत काढून घ्यायचा.