महापौरांचा मान, आयुक्तांचा अधिकार

मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आयुक्त स्थायी समितीच्या अध्यक्षांना सादर करतात. समितीत त्यावर चर्चा होते, फेरफार सुचवले जातात, मग अध्यक्ष तो सभागृहापुढे ठेवतात आणि मार्चअखेरपर्यंत सभागृह त्याला मंजुरी देते. शहराचे प्रथम नागरिक असलेले महापौर या प्रवासात सभेचे पीठासीन अधिकारी म्हणून अगदी शेवटच्या टप्प्यावर येतात. महापौरांकडे मान आणि आयुक्तांकडे अंमलबजावणी, ही विभागणी समजून घ्यायची तर १८६५ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षीच्या कायद्याने मुंबईचा कारभार एका पालिका आयुक्ताच्या हाती आला. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे आणि मंडई यांची कामे झपाट्याने हाती घेतली, पण खर्चाला धरबंध राहिला नाही. त्यांच्यावर देखरेख ठेवायची होती ती सरकारनियुक्त ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींनी, आणि ती त्यांना जमली नाही. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उफाळला. आयुक्तपदच मोडीत काढून कारभार समितीकडे द्यावा, असे सुधारणावाद्यांपैकी अनेकांना वाटत होते. तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी मात्र वेगळी भूमिका घेतली: अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, पण त्याच्यावर अंकुश लोकांनी निवडून दिलेल्या सभेचा असावा. माझ्या मते मुंबईच्या नागरी कारभाराच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा युक्तिवाद आहे, कारण पुढची सगळी रचना त्यावरच उभी राहिली.

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका अस्तित्वात आली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ चा कायदा घडत असताना मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विधिमंडळात सभागृहाच्या अधिकारांसाठी झुंज दिली. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही लागू आहे. पैशांवर देखरेख ठेवणारी स्थायी समिती याच कायद्याने आली. आज तिच्या जोडीला सुधार, शिक्षण आणि बेस्ट या वैधानिक समित्या आहेत. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. मात्र एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर त्यांना पदावरून दूर करावे लागते. ठरावीक रकमेपुढच्या कंत्राटांना स्थायी समितीची मंजुरी लागते. एखाद्या नगरसेवकाने समितीत हरकतीचा मुद्दा मांडला आणि अध्यक्षांनी प्रस्ताव राखून ठेवला, की त्या विभागातले काम तिथेच थांबते. प्रशासनाला उत्तर घेऊन पुन्हा यावे लागते. मेहतांना अभिप्रेत असलेला अंकुश प्रत्यक्षात असा दिसतो.

सभेच्या प्रमुखाला पूर्वी अध्यक्ष म्हणत आणि मेहतांनी हे पद चार वेळा भूषवले. १९३१ मध्ये त्याला ‘मेयर’ हे नाव मिळाले. त्यासाठीच्या ‘महापौर’ या नेटक्या मराठी शब्दाचे श्रेय सावरकरांना दिले जाते. नाव बदलले तरी अधिकार फारसे वाढले नाहीत. मतदार मात्र वाढत गेले: १९२२ मध्ये भाडेकरूंना मताधिकार मिळाला आणि १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

अंमलबजावणीचे अधिकार लोकप्रतिनिधींकडे देण्याचा एक खरा प्रयत्न १९९८ मध्ये झाला. ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धतीत महापौर आणि त्यांचे सहकारी जणू शहराचे मंत्रिमंडळ बनणार होते. पण जेमतेम वर्षभरात ती गुंडाळली गेली. एवढ्या मोठ्या बदलाला इतका थोडा अवधी देणे मला अन्यायाचे वाटते. नगरपरिषदांचे नगराध्यक्ष आज थेट जनतेतून निवडले जातात, महापौर मात्र नगरसेवकांमधूनच निवडला जातो.

मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या २२७ नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडे गेले. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी अर्थसंकल्प मांडणारे प्रशासनच होते आणि त्याला मंजुरी देणारेही प्रशासनच. हरकतीचा मुद्दा मांडायला समोर एकही निवडून आलेला सदस्य नव्हता.