एमजीबी थरथरतेय, पीयूसीला फेल होतेय? कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायच्या आधी हे वाचा

आमच्या गॅरेजमधे येणाऱ्या दहातल्या सात-आठ एमजीबींच्या (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) कार्बोरेटरला आधीच कुणीतरी हात लावलेला असतो, आणि खरा फॉल्ट दुसरीकडेच निघतो. म्हणून हे माहितीपत्रक काढलंय. गाडी 1962 ते 1980 मधली कुठलीही असो, जीटी व्ही-8 सोडली तर इंजिन तेच 1798 सीसीचं चार सिलिंडरचं आणि बहुतेकांवर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, त्यामुळे खालचं जवळपास सगळ्यांना लागू पडतं.

आमचा क्रम ठरलेला आहे. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग इग्निशन, मग कुठून एअर घेतेय का ते, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. कारण एसयूचं मिक्श्चर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) लावताना आपण इंजिनच्या आवाजावर आणि आरपीएमवर जातो, आता स्पार्कच जर नीट पडत नसेल तर तो आवाज खोटा असतो आणि त्याच्यावर लावलेलं मिक्श्चर पण खोटंच.

पीयूसीचा कागद फेकू नका

फेल झालात तरी तो प्रिंट आउट आम्हाला द्या, त्यात अर्धं निदान असतं. बीएस-2 च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला सीओ 3 टक्के आणि एचसी 1500 पीपीएम अशी मर्यादा आहे. लोक फक्त पास की फेल बघतात, आम्ही दोन आकड्यांची जोडी बघतो. सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, एचसी म्हणजे न जळता तसंच बाहेर पडलेलं. सीओ जास्त आणि एचसी बऱ्यापैकी ठीक, तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे, म्हणजे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी नळी) खाली राहिलाय, चोकची केबल पूर्ण परत येत नाही किंवा फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) ओव्हरफ्लो होतोय. एचसी खूप जास्त पण सीओ कमी, तर बहुतेक एखादा सिलिंडर मिसिंग करतोय (त्यात पेट्रोल पेटत नाही), एक तर स्पार्क नाही किंवा बाहेरची हवा घुसून मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) झालंय. अशा वेळी पास व्हावं म्हणून मिक्श्चर अजून लीन केलं की एचसी आणखी वाढतो, हे आम्ही खूपदा बघितलंय आणि मालक बिचारा तीन-तीन सेंटरला चकरा मारत असतो. आणि हो, सायलेन्सरला भोक असेल तर मशीनला बाहेरची हवा मिळते आणि आकडे भलतेच येतात, तो जॉइंट आधी बघायचा.

कुठला सिलिंडर काम करत नाहीये

गाडी गरम करून आयडलिंगला ठेवायची आणि एकेका प्लगची वायर काढायची (इन्सुलेटेड पक्कडीनेच, हाताने नको, जबरदस्त शॉक बसतो). जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. आता यातली गंमत बघा, पुढचा कार्बोरेटर 1 आणि 2 ला पेट्रोल देतो, मागचा 3 आणि 4 ला. दोन शेजारचे 1-2 कमजोर असतील तर पुढचा कार्बोरेटर किंवा त्याच्या मागचं गॅस्केट, 3-4 असतील तर मागचा. 2 आणि 3 दोन्ही कमजोर आणि दोघांचं कॉम्प्रेशन पण कमी, तर हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधे उडालंय असा पहिला संशय घ्यायचा. एकटाच सिलिंडर असेल तर प्लग, वायर, कॅप नाहीतर व्हॉल्व्ह. पाच मिनिटांची टेस्ट आहे पण कितीतरी खर्च वाचवते.

इग्निशन

पॉइंटचा गॅप 14 ते 16 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा 25 थाऊ, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. कंडेन्सर आणि रोटर नवीन टाकलाय म्हणून तो चांगला आहे असं धरू नका, हल्ली मिळणारे नवीन पार्ट कधी कधी महिनाभरात जातात, त्यामुळे काढलेले जुने चांगले पार्ट आम्ही फेकत नाही. गेल्या पावसाळ्यात एक 1967 ची रोडस्टर आली होती, दोन्ही कार्बोरेटर दोनदा उघडून झालेले, जेट बदललेले, सुया बदललेल्या, आणि घाटात गरम झाली की मिसिंग चालूच. शेवटी फॉल्ट कंडेन्सरमधे निघाला. मालकांचे पैसे आणि मुख्य म्हणजे त्यांचा गाडीवरचा विश्वास, दोन्ही गेलं होतं, आम्हाला फार वाईट वाटलं.

हवा कुठून घुसते

मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक सर्व्होचा पाइप, झिजलेले थ्रॉटल शाफ्ट, आणि काही जुन्या मॉडेलवर मॅनिफोल्डवर बसवलेला गोल पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातली वाफ परत इंजिनात ओढून घेणारा), त्याचं रबर फाटलं की इंजिन हवा पण ओढतं आणि ऑइल पण. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमचा पाइप तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ धरून राहिली पाहिजे, नाही राहिली तर डायफ्रॅम गेलाय.

आता कार्बोरेटर

आधी डॅशपॉटमधलं (कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यातलं) तेल बघा, ते संपलं की रेस दिल्यावर आचका बसतो आणि लोक त्याला पेट्रोल कमी पडतंय समजतात. मग दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का ते रबरी नळी कानाला लावून ऐकायचं, आणि मग मिक्श्चर. कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा: आरपीएम किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर, वाढलेलंच राहिलं तर रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन.

इथे पेट्रोलचं पण सांगायला हवं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमधे ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर गाडी लीन चालते, सकाळी थंड असताना धक्के मारते. आम्ही जेटचा नट एक-दोन फ्लॅट (नटची एक बाजू म्हणजे एक फ्लॅट) खाली घेतो आणि मशीनवर सीओ बघून थांबतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुने रबरी पेट्रोल पाइप, ते या पेट्रोलने आतून सोलतात, बारीक काळे कण फ्लोटच्या नीडलखाली अडकतात आणि कार्बोरेटर गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर ओव्हरफ्लो होतो. ही आगीची गोष्ट आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवत आणू नका, फोन करा, आम्ही टो करून आणू.

गाडी आणताना एवढं करा: प्लग साफ करू नका, त्यांचा रंग आम्हाला बघायचाय, काळी काजळी, ओलं तेल की चुन्यासारखा पांढरा. आणि शक्यतो आदल्या संध्याकाळी सोडून जा, टॅपेट आम्ही थंड इंजिनवर 15 थाऊला लावतो आणि त्यासाठी गाडी रात्रभर उभी राहायला लागते.