२४ तासांची लघवी: पहिल्या सकाळची कॅनमध्ये नको

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं क्रिएटिनिन आणि युरिया (किडनी रक्तातून बाहेर टाकते ते टाकाऊ पदार्थ) असेल तर आमच्या लॅबमध्ये रक्त दिलं की तुमचं काम संपलं. क्रिएटिनिनसोबत आम्ही ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) वेगळे पैसे न घेता छापतो, कारण क्रिएटिनिनचा एकटा आकडा फसवा असतो. १.२ क्रिएटिनिन असलेल्या पंचविशीतल्या मुलाचा ईजीएफआर ८६ च्या आसपास येतो, सत्तरीतल्या आजींचा ४९.

खोळंबा होतो तो चिठ्ठीवर '२४ तासांची लघवी' असते तेव्हा. किडनीतून दिवसभरात किती प्रोटीन जातं, हे त्यातून कळतं. आम्ही आधी कॅनमधली सगळी लघवी मोजतो आणि त्यावर हिशेब करतो. माप चुकलं की हिशेब चुकला.

चूक बहुतेक वेळा पहिल्याच सकाळी होते. समजा सोमवारी सहाला उठलात. ती लघवी रात्रभर साठलेली, आदल्या दिवसाची. ती संडासातच करा, कॅनवर फक्त वेळ लिहा. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, मंगळवारी सहाची धरून. दोन्ही सकाळच्या धरल्या तर प्रोटीन उगाच वाढलेलं दिसतं आणि घरचे घाबरून जातात.

"दुपारी बाजारात होतो, एक वेळची राहिली, चालेल ना?" असं पुष्कळजण विचारतात. नाही चालत. न सांगता दिलं तरी बऱ्याचदा लक्षात येतं. पुरुषाच्या लघवीतून दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन जातं, बाईच्या १५ ते २०, उतारवयात कमी. सत्तर किलोच्या तरुणाच्या कॅनमध्ये ६०० मिलिग्रॅमच निघालं, तर लघवी कुठेतरी राहिली अशी शंका येतेच. मग आम्ही पुन्हा जमा करायला सांगतो. काहीजण रागावतात, पण चुकीच्या आकड्यावर तुमचं औषध बदललेलं आम्हाला नको. दुसऱ्या वेळचे पैसे आम्ही घेत नाही.

कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणू नका. आमचा स्वच्छ कॅन फुकट मिळतो, आदल्या संध्याकाळी घेऊन जा. तो फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बर्फाच्या बादलीत. पाणी रोजच्याइतकंच प्या. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर या. संडासाच्या दारावर चिठ्ठी लावा. रात्री झोपेत उठल्यावर तीच आठवण करून देते.